‘फेटल अ‍ॅट्रॅक्शन’ इतका अंगावर का येतो, आणि तशी गोष्ट लिहायची तर काय सांभाळायचं

प्रश्नाचे दोन भाग आहेत. १९८७ चा ‘फेटल अ‍ॅट्रॅक्शन’ आज पाहिला तरी पोटात गोळा का येतो? आणि विवाहबाह्य संबंधातून झपाटलेपणाकडे जाणारी अशी पटकथा स्वतः लिहायची असेल तर त्यातून नेमकं काय उचलायचं? माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकच आहे. या चित्रपटात विवाहित नायकाच्या मागे लागलेली अ‍ॅलेक्स जे जे करते ते जवळजवळ सगळं त्याने, म्हणजे डॅनने, नुकत्याच केलेल्या एखाद्या गोष्टीचं उत्तर असतं. तो एक दार लावतो, ती त्याच्या आतल्या दाराशी येऊन उभी राहते. पूर्ण दोन तास हा सवाल-जवाब चालतो आणि एकही जवाब हवेतून येत नाही. पुढच्या नकलाकारांनी पातेल्यात उकळलेला ससा उचलला, सुरी उचलली, सवाल-जवाब तेवढा उचलायचा राहिला. म्हणून त्या नकला पाहताना दचकायला होतं, पण जीव टांगणीला लागत नाही.

पुढे शेवटासकट सगळं उघड होणार आहे, हे आधीच सांगतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॅन गॅलाघर (मायकेल डग्लस) हा मॅनहॅटनमधला वकील. बायको बेथ (अ‍ॅन आर्चर), लहान मुलगी एलन, एक कुत्रा. बायको आणि मुलगी वीकेंडला गावाबाहेर आजोळी गेलेल्या असताना प्रकाशन संस्थेत संपादक असलेल्या अ‍ॅलेक्स फॉरेस्टशी (ग्लेन क्लोज) त्याचा संबंध येतो. त्याच्या लेखी ते प्रकरण वीकेंडबरोबर संपतं, तिच्या लेखी तिथून सुरू होतं. दिग्दर्शक एड्रियन लाइन. पटकथा जेम्स डिअर्डन यांची, त्यांच्याच १९८० च्या ‘डायव्हर्जन’ या लघुपटावरून वाढवलेली. निर्माते स्टॅनली जॅफी आणि शेरी लान्सिंग. सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरमध्ये बनलेल्या चित्रपटाने जगभर ३२ कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला. ऑस्करची ६ नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. त्या ६ मध्ये संकलनाचं नामांकन आहे आणि ते अगदी रास्त आहे. का, ते पुढे येईलच.

आता मुख्य मुद्दा. ११९ मिनिटांपैकी ढोबळमानाने पहिला तिसरा भाग त्या एका वीकेंडपर्यंत पोचण्यात आणि त्यातून बाहेर पडण्यात जातो. थरारपटासाठी ही गती फारच संथ वाटेल. पण पुढे जे जे घडतं त्याचा कच्चा माल इथेच साठवलेला आहे, म्हणून हा भाग प्रसंगाप्रसंगाने पाहावा.

पुस्तक प्रकाशनाच्या पार्टीत डॅनचा मित्र अ‍ॅलेक्सशी सलगी करू पाहतो आणि तिच्या एका नजरेत गारठतो. डॅन हसतो. नंतर बारपाशी दोघांचं जेमतेम बोलणं होतं, तेवढ्यात बेथ लांबून खूण करते आणि तो निघतो. घरी आल्यावर नवरा-बायको एकमेकांकडे ज्या नजरेने पाहत असतात त्यावरून रात्र कुठे जाणार हे कळतं, पण आधी कुत्र्याला फिरवून आणायचं असतं. तो परततो तोवर मुलगी आईच्या कुशीत येऊन झोपलेली असते. बस्स, एवढंच. लग्नात तडा नाही, बायको कजाग नाही, भांडण नाही, फक्त एक रात्र राहून गेली. नवख्या लेखकाला इथे नायकाला ‘कारण’ देण्याचा मोह होतो, म्हणून तो बायकोला किरकिरी किंवा थंड करतो. तसं केलं की प्रेक्षक नायकाला माफ करून मोकळा होतो, आणि माफ केलेल्या माणसाबद्दल धास्ती वाटत नाही. डॅनला सबळ कारण नाही, म्हणूनच आपण त्याच्या बाजूने आणि त्याच्या विरुद्ध एकाच वेळी बसलेलो असतो. ही अवघडलेली जागा शेवटपर्यंत सुटत नाही.

शनिवारी कामाची बैठक, बाहेर पाऊस, न उघडणारी छत्री, मग रेस्तराँ. इथले संवाद पटकथा शिकणाऱ्याने लिहून काढावेत. तो विवाहित आहे हे तिला माहीत आहे. गोष्ट गुप्त ठेवता येईल की नाही, हे दोघे जवळजवळ उघडपणे ठरवतात. कुणी कुणाला फसवत नाही. करार तोंडी होतो, पण त्या कराराचा अर्थ दोघांच्या डोक्यात वेगळा असतो. अशा गोष्टीत खोटी आश्वासनं घातली की ती फसवणुकीची गोष्ट होते. फसवणुकीच्या गोष्टीत कोण चुकलं हे ठरलेलं असतं. इथे ते ठरत नाही.

मग स्वयंपाकघरातला तो सिंकवरचा प्रसंग. लाइन यांनी तो मादक तर ठेवलाच, पण थोडा हास्यास्पदही ठेवला: नळाचं पाणी, घोट्यापर्यंत उतरलेली पँट, तिला उचलून अडखळत चालणारा डॅन. हे हसू फार कामाचं आहे. प्रेक्षक हसला की बेसावध होतो, आणि बेसावध माणूस ‘यात एवढं काय बिघडलं’ या डॅनच्या मताशी सहमत होऊन बसतो. पुढची शिक्षा मग त्यालाही लागू होते.

रविवार हा या पटकथेतला खरा गुन्हा. शनिवारच्या रात्रीला ‘घडून गेलं’ म्हणता येतं. रविवारी ती फोन करते, तो नको म्हणतो आणि तरी कुत्र्याला घेऊन जातो. बागेत खेळताना तो हृदयविकाराचा झटका आल्याचं सोंग करतो. ती चिडते, आपले वडील असेच गेले म्हणते, आणि तो ओशाळल्यावर ‘गंमत केली’ म्हणून हसते. बऱ्याच नंतर, तिच्या घरात सापडलेल्या कात्रणावरून त्याला कळतं की वडील खरोखरच तसे गेले होते. पात्ररचनेचा याहून नेटका धडा क्वचित मिळेल. ती खोटं बोलली ते दुखणं लपवण्यासाठी, आणि खरं निसटलं ते दुखावल्यामुळे. एका छोट्या प्रसंगात हे पात्र खलनायिकेच्या साच्यातून बाहेर येतं.

त्याच संध्याकाळी तिच्या घरी जेवण होतं. पार्श्वभूमीला पुच्चिनीचा ‘मादाम बटरफ्लाय’ हा ऑपेरा, ज्यात अमेरिकन नौदल अधिकारी जपानी मुलीला दिवस गेलेले असताना सोडून जातो आणि ती शेवटी स्वतःला संपवते. डॅन लहानपणी वडिलांबरोबर तो पाहिल्याची आठवण सांगतो. ती विचारते की आयुष्य एवढं छान आहे तर तू इथे काय करतोयस. त्याच्याकडे उत्तर नसतं. तो निघायला लागतो, भांडण होतं, मग ती शांत होऊन निरोप घ्यायला जवळ येते, आणि त्याच्या लक्षात येतं की तिच्या हातांना रक्त लागलंय. तिने मनगटं कापून घेतलेली असतात. तो पट्ट्या बांधतो आणि ती रात्र थांबतो. सकाळी घरी जाऊन स्वतःचं अंथरूण चुरगाळून ठेवतो, आपण तिथे झोपलो होतो असं दिसावं म्हणून.

इथे मानसशास्त्र नेमकं कसं चालतं ते लेखकाने समजून घेतलंच पाहिजे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून पुढे आलेली गोष्ट अशी, की ज्या वागण्याला दर वेळी फळ मिळतं ते फळ बंद झाल्यावर लवकर थांबतं; पण कधी मिळतं, कधी नाही, अशा अनियमित फळावर पोसलेलं वागणं अतिशय चिवट होतं. डॅन नकळत नेमकं तेच करतो. फोनला नको म्हणतो, मग येतो. निघतो, मग रक्त पाहून थांबतो. ‘नाही’ला पुरेसा जोर लावला की ते ‘हो’ होतं, हे त्यानेच तिला दोन दिवसांत शिकवलं. दहा फोन टाळून अकरावा उचलणारा माणूस समोरच्याला किंमत सांगत असतो: अकरा. तुमच्या पटकथेतला नायक असा अकरावा फोन कुठे उचलतो, ते पान तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. नसेल तर पाठलाग करणाऱ्या व्यक्तीची चिकाटी फक्त लेखकाच्या सोयीची वाटते.

आता साखळी पाहा. ती ऑफिसात येते, माफी मागते, ‘बटरफ्लाय’ची तिकिटं पुढे करते. तो सभ्यपणे नाकारतो. ती ऑफिसात फोन करत राहते. तो सेक्रेटरीला सांगतो की तिचे फोन घ्यायचे नाहीत. ती घरी फोन करू लागते, अपरात्रीसुद्धा, आणि गाठून सांगते की दिवस गेलेत आणि मूल ठेवणार आहे. तो घरचा नंबर बदलतो. ती विक्रीला काढलेला फ्लॅट बघायला आलेली ग्राहक बनून थेट त्याच्या दिवाणखान्यात, बेथशी गप्पा मारत बसलेली सापडते. तो संतापून तिच्या घरी जातो, झटापट होते, ती सांगते की मला नसल्यासारखं वागवून चालणार नाही. तो कुटुंब घेऊन बेडफर्डला, शहराबाहेर राहायला जातो. ती शिव्याशापांची कॅसेट पाठवते, त्याच्या गाडीवर अ‍ॅसिड ओतते, आणि पाठलाग करत नव्या घराच्या अंगणापर्यंत पोचते. खिडकीतून तिला दिसतं की डॅनने मुलीसाठी ससा आणलाय आणि तिघं शेकोटीपाशी बसलेत. ती झुडपात वाकून ओकते. मग ससा: तो घरातल्या गॅसवर, पातेल्यात उकळलेला सापडतो.

दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे सशाचा प्रसंग ‘क्रूर काहीतरी हवं’ म्हणून आलेला नाही. तिने नेमका ससाच का निवडला ते आपण तिच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. दुसरी म्हणजे जागांचा क्रम. ऑफिस, फोन, दिवाणखाना, अंगण, स्वयंपाकघर, मग मूल, शेवटी न्हाणीघर. दर टप्प्याला ती एक कडं आत येते. भीती वाढते ती हिंसेच्या प्रमाणापेक्षा या कमी होत जाणाऱ्या अंतराने. बहुतेक फसलेल्या पटकथांत याच्या उलट होतं: हिंसा वाढत जाते, पण अंतर तेवढंच राहतं. आधी गाडीची काच फुटते, मग कुत्रा मरतो, मग माणूस मरतो. आणि घर आहे तसंच. तिसऱ्या घटनेपर्यंत प्रेक्षक सरावतो.

सुटकेच्या वाटा बंद करण्याचं काम तर अजोड आहे. अशा कथेत प्रेक्षकाच्या मनात तीन प्रश्न सतत असतात: बायकोला सांगून का टाकत नाही, पोलिसांकडे का जात नाही, निघून का जात नाही? तिन्हींना पटकथेने तोंड दिलंच पाहिजे, आणि तेही प्रसंगातून. निघून जाण्याचं उत्तर बेडफर्ड. पोलिसांकडे डॅन जातो, पण ‘माझ्या एका अशिलाचं प्रकरण आहे’ म्हणून. अधिकारी सांगतो की ठोस कारणाशिवाय त्या बाईच्या हक्कांवर टाच आणता येणार नाही आणि त्या अशिलाला आपलं लफडं कबूल करावं लागेल. म्हणजे दुसरी वाट पहिल्या वाटेवरूनच जाते. वकील असून त्याला कायद्याचा उपयोग नाही, कारण कायद्याला लागणारं सत्य त्याच्याकडे लपवलेल्या अवस्थेत आहे. एका छोट्या प्रसंगात एवढं बसवलंय. त्या काळाचा संदर्भही लक्षात ठेवा: अमेरिकेत पाठलागाविरुद्धचा पहिला स्वतंत्र कायदा कॅलिफोर्नियात १९९० मध्ये झाला. १९८७ च्या न्यूयॉर्कमध्ये डॅनच्या हातात तसं काही नव्हतं.

आणि बायकोला सांगणं? ते तो सशानंतर सांगतो. बेथ संतापते, त्याला घराबाहेर काढते, पण जाण्यापूर्वी तो अ‍ॅलेक्सला फोन लावून सांगतो की हिला सगळं कळलंय, आणि बेथ फोन घेऊन स्वतः बजावते: पुन्हा आमच्या जवळ आलीस तर मी तुला ठार मारीन. अ‍ॅन आर्चर यांनी हे वाक्य ज्या स्थिर आवाजात म्हटलंय त्यावर त्यांचं नामांकन एकटं उभं राहू शकतं. त्या घटकेपर्यंत बेथ ही जिच्यापासून लपवायचं ती होती; आता ती तिसरी खेळाडू झाली. पटकथेचा उत्तरार्ध ढेपाळू द्यायचा नसेल तर साधारण दोन-तृतीयांशावर गुपित फोडावं आणि ज्याच्यापासून लपवलं त्याला बळ द्यावं. गुपित शेवटपर्यंत ताणणं हा सोपा मार्ग आहे. पण मग शेवटची वीस मिनिटं भीती सोडून रडारडीत जातात.

संकलनाबद्दल थोडं. सशाच्या प्रसंगात बेथ गॅसवरच्या पातेल्याकडे निघते आणि एलन अंगणात पिंजऱ्याकडे धावते. दोन्ही हालचाली आलटून पालटून दिसतात. पातेल्यात काय आहे ते आपल्याला बेथच्या आधी कळतं, कारण पिंजरा आणि पातेलं यांच्यातला कट (एका दृश्यावरून थेट दुसऱ्यावर जाणं) ते सांगून टाकतो. झाकण उघडणं ही फक्त पोचपावती. लिहिताना हाच नियम पाळा: किळसवाणी वस्तू दाखवण्याआधी एक-दोन कट प्रेक्षकाला अंदाज येऊ द्या. थेट झाकण उघडलं असतं तर धक्का बसून विरला असता. पुढे अ‍ॅलेक्स एलनला शाळेतून परस्पर घेऊन जाते तेव्हाही रोलर कोस्टर आणि बेथची बेभान गाडी यांची अशीच वेणी आहे. त्या प्रसंगात अ‍ॅलेक्स मुलीला काडीचाही त्रास देत नाही, सुखरूप घरी सोडते. अपघात बेथचा होतो, घाबरल्यामुळे. इजा न करता इजा घडवणं ही लेखनातली फार वरची पायरी आहे.

अ‍ॅलेक्सच्या एकटेपणाचे प्रसंग मोजकेच आहेत, पण तेच चित्रपटाला सस्त्या भीतीपासून वाचवतात. डॅन मित्रांबरोबर हसतखेळत असताना ती आपल्या पांढऱ्या घरात जमिनीवर बसून दिवा लावते, बंद करते, पुन्हा लावते. पार्श्वभूमीला तोच ऑपेरा, ज्याची तिकिटं त्याने नाकारली. तिला या वेळी कुणीच बघत नाहीये, म्हणजे हे नाटक नव्हे, हे आपल्याला कळतं. अशा कथेत पाठलाग करणाऱ्या व्यक्तीला किमान दोन प्रसंग असे द्यावेत, जिथे तिला बघणारं कुणी नाही. एकही नसेल तर ती राक्षस होते. पाच-सहा झाले तर पुढची चाल आधीच कळते आणि धास्ती ओसरते.

निदानाबद्दल सावध राहावं. या पात्राला सर्रास ‘इरोटोमेनिया’चं लेबल लावलं जातं, ते चुकीचं आहे. १९२१ मध्ये गातियाँ द क्लेरांबो या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने वर्णन केलेल्या त्या भ्रमात समोरची व्यक्ती, बहुधा वरच्या दर्जाची, आपल्यावर प्रेम करते अशी पक्की समजूत असते आणि प्रत्यक्ष नातं बहुतेक वेळा नसतंच. इथे नातं घडलेलं आहे. मनोविकारतज्ज्ञ पॉल मलन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पाठलाग करणाऱ्यांचे जे पाच प्रकार मांडले त्यातला ‘नाकारलेला’ हा प्रकार अ‍ॅलेक्सच्या जवळ जातो. त्याची खूण अशी की समेटाची आस आणि सूड आलटून पालटून, कधी एकाच दिवशी दिसतात. एकदा तिकिटं, एकदा अ‍ॅसिड. तुमचं पात्र फक्त सूडाच्या दिशेने सरळ रेषेत गेलं तर ते खोटं वाटेल. अधूनमधून ते विनवणी करत परत आलं पाहिजे. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचं नावही घेतलं जातं. सोडून जाण्याची भीती, स्वतःला इजा, प्रेम आणि तिरस्कार यांत झोके, ही लक्षणं जुळतात. पण तो विकार असलेली माणसं सर्वाधिक त्रास स्वतःला करून घेतात, दुसऱ्याच्या घरात सुरी घेऊन शिरत नाहीत. ग्लेन क्लोज यांनी भूमिकेआधी मनोविकारतज्ज्ञांशी चर्चा केली होती आणि पुढे मानसिक आजारांभोवतीच्या कलंकाविरुद्ध त्या स्वतः उभ्या राहिल्या. पटकथेत डॉक्टरचं पात्र आणून निदान वदवून घेऊ नका. निदान मिळालं की प्रेक्षक सुटतो: ‘अच्छा, ती आजारी आहे, म्हणजे डॅनचं काही नाही.’

याच कारणाने शेवटाचा मुद्दा महत्त्वाचा. चित्रीत झालेल्या मूळ शेवटात अ‍ॅलेक्स ‘बटरफ्लाय’च्या सुरांत स्वतःचा गळा चिरून मरते. सुरीवर डॅनच्या बोटांचे ठसे असतात आणि पोलीस त्याला घेऊन जातात. बेथला ती कॅसेट सापडते, ज्यात अ‍ॅलेक्सने आत्महत्येचा विचार बोलून दाखवलेला असतो. प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळांतल्या प्रेक्षकांना हे पचलं नाही. त्यांना अ‍ॅलेक्सला धडा शिकवलेला हवा होता. मग न्हाणीघराचा शेवट नव्याने चित्रीत झाला. क्लोज यांचा त्याला ठाम विरोध होता, पण अखेर त्यांनी तो केला. आता आपण पाहतो तो हा: अ‍ॅलेक्स सुरी घेऊन बेथवर चाल करते, डॅन तिला टबात बुडवतो, ती मेल्यासारखी वाटून पुन्हा उसळते आणि बेथ गोळी झाडते.

आजचा चित्रपट नीट पाहिला तर मूळ शेवटाची तयारी जागोजागी शिल्लक दिसते. अ‍ॅलेक्सच्या स्वयंपाकघरातल्या मारामारीनंतर डॅन तिच्या हातून घेतलेली सुरी ओट्यावर ठेवून निघून जातो आणि ती हसते. त्या हसण्यावर कॅमेरा थांबतो तो ठशांसाठी. कॅसेट, ऑपेरा, मनगटं, सगळं त्याच दिशेला बोट दाखवतं. तो शेवट साखळीतला शेवटचा जवाब होता: तू मला तुझ्या आयुष्यातून पुसलंस, मी तुझे ठसे माझ्या मरणावर ठेवले. नवा शेवट त्या मानाने उसना आहे. मेलेला माणूस उठण्याची युक्ती भयपटांची, आणि गोळी लागलेली बाई गरोदर असल्याचं सांगत होती, हे चित्रपटाला त्या क्षणी आठवतसुद्धा नाही. मला हा फार मोठा तोटा वाटतो.

तरी न्याय करायचा तर नव्या शेवटात दोन गोष्टी चोख आहेत. बेथने फोनवर दिलेली धमकी खरी होते, म्हणजे एक सेटअप, आधी पेरून ठेवलेली गोष्ट, वसूल होतो. आणि खाली किटलीची शिट्टी वाजत असल्याने डॅनला वरच्या किंकाळ्या ऐकू येत नाहीत. ज्या स्वयंपाकघरात ससा उकळला तिथलंच उकळणं पुन्हा घात करतं. डिअर्डन यांनी मात्र २०१४ मध्ये लंडनच्या रंगभूमीसाठी हीच गोष्ट नाटकरूपात लिहिली तेव्हा ते मूळ शोकांतिकेच्या वळणाकडे परतले. ज्यांना शेवट कसा असावा हे शिकायचंय त्यांनी दोन्ही शेवट एकापाठोपाठ लिहून पाहावेत आणि प्रत्येकात आधीच्या किती गोष्टी कामी येतात ते मोजावं.

आता प्रत्यक्ष लिहिणाऱ्यांसाठी. वहीच्या पानावर दोन रकाने करा. डावीकडे नायकाची कृती, उजवीकडे तिचं उत्तर. उजवीकडे नोंद आहे आणि डावीकडे रिकामं, असा एकही प्रसंग ठेवू नका. मग तिसरा रकाना: या प्रसंगानंतर कुणाला काय माहीत आहे. बहुतेक गोंधळ इथेच होतात. पान ६० वर बायकोला संशय आलेला असतो आणि पान ७० वर ती काहीच न घडल्यासारखी वागते, कारण लेखक विसरलेला असतो.

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरून ११० पानांची पटकथा असेल, तर पहिल्या स्पर्शाआधी किमान १२ ते १५ पानं घरासाठी ठेवा. संबंध आणि त्याचा ‘शेवट’ ३५ ते ४० पर्यंत आटपा. पुढच्या भागात घुसखोरीच्या ७ ते ९ घटना पुरतात. त्याहून जास्त झाल्या तर प्रत्येकीला जागा मिळत नाही. रक्तपात किंवा परत न फिरवता येणारी हिंसा ७५ व्या पानाआधी नको. दोन घटनांच्या मध्ये एक प्रसंग असा हवा जिथे खरोखर बरं वाटतं: नवं घर, आणलेला ससा, मित्रांबरोबरची रात्र. हे प्रसंग कापायचा सल्ला हमखास मिळतो, ‘कथा पुढे जात नाही’ म्हणून. कापू नका. गमावण्यासारखं काय आहे ते तिथेच दिसतं, आणि पुढचा घाव कुठे बसणार ते तिथेच ठरतं.

आजच्या काळात कथा ठेवायची असेल तर सर्वात मोठी अडचण मोबाइलची. ‘ब्लॉक का करत नाही?’ हा चौथा प्रश्न आता आलाय. त्याला उत्तर म्हणून तिला संगणकतज्ज्ञ करू नका, ते फार ओढूनताणून होतं. साधी उत्तरं चांगली: दोघांचं काम एकाच ग्रुपवर चालतं, म्हणून ब्लॉक करणं म्हणजे जाहीर करणं, किंवा त्याने ब्लॉक केलं आणि तिने बायकोला फॉलो केलं. ब्लॉक हे बदललेल्या नंबरासारखं वापरा: एक दार बंद, पुढचं कडं उघडं.

पोलिसांची वाटही आज वेगळ्या तऱ्हेने बंद करावी लागेल, कारण आता बऱ्याच देशांत पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे. कायदा नाही म्हणून अडलं, हे चालणार नाही. पण तक्रारीसाठी चॅट दाखवावे लागतात, आणि चॅटमध्ये दोघांचंही लिहिलेलं असतं. सुरुवात कुणी केली, रात्री दोन वाजता कुणी कुणाला बोलावलं, सगळं तारीखवार. तुमचा नायक सोमवारी सकाळी काय करेल याचा विचार करा: डॅनने अंथरूण चुरगाळलं, हा चॅट डिलीट करेल. तीन महिन्यांनी तक्रार द्यायला गेल्यावर त्याच्याकडे फक्त तिच्या अलीकडच्या धमक्या असतील, अर्धवट आणि संदर्भाविना. पहिल्या रात्रीपासूनची सलग प्रत तिच्या फोनवर असेल, आणि कुणी मागायच्या आधीच तिने ती तपास अधिकाऱ्याला पाठवलेली असेल. हा प्रसंग ६० ते ६५ व्या पानाच्या आसपास ठेवा, म्हणजे बायकोला सांगण्याखेरीज त्याच्यापुढे दुसरी वाट उरणार नाही आणि उत्तरार्धाला लागणारा धक्का त्याच्याच बोटाने दाबलेल्या बटणातून येईल.